दाजींनी चालवलेली ट्राम

सासुरवाडीला पोटभर जेवल्यानंतर कोणालाही कसलेही वचन देऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. भरल्या पोटी माणूस उदार होतो, आणि ते औदार्य निभावण्याची वेळ नेमकी उपाशीपोटी येते. दिघाशीला त्या रविवारी कोलंबीचे कालवण आणि तांदळाच्या भाकरी झाल्यावर माझे सासरे दाजी यांनी फडताळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत तळहाताएवढ्या काळ्या कॅसेटी होत्या. त्यांच्यावर बुरशीची एक फिकट साय आली होती, जशी ती जुन्या दुःखांवर येते.

"जावयबापू, ह्यात माजी ट्राम हाय," दाजी म्हणाले. "मोबाईलमदी घालून द्या."

ही ट्राम साऱ्या दिघाशीला ठाऊक होती. पाहिली मात्र कोणीच नव्हती. तीसेक वर्षांपूर्वी रस्त्याकडची जमीन गोदामाला गेल्यावर दाजींनी एक व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि सासूबाईंसह, म्हणजे राहीबाईंसह, गावच्या मंडळींबरोबर काशी आणि गंगासागराच्या यात्रेला गेले. वादळामुळे गंगासागराची बोट सुटेना, म्हणून मंडळी काही दिवस कलकत्त्याच्या धर्मशाळेत अडकली. इतरांनी त्या काळात पुण्य साठवले. दाजींनी ट्रामचे शूटिंग केले. एका संध्याकाळी डेपोकडे निघालेल्या रिकाम्या ट्रामच्या चालकाने आपल्या हाती हँडल दिले आणि आपण ती ट्राम पुढच्या स्टॉपपर्यंत चालवली, असे दाजींचे म्हणणे. परतताना कॅमेरा कुठल्याशा स्टेशनच्या बाकड्यावर राहिला. कॅसेटी राहीबाईंच्या पिशवीत होत्या म्हणून वाचल्या. पण त्या गावातल्या व्हिडिओच्या यंत्रात शिरेनात, कारण यंत्राचे तोंड मोठे आणि कॅसेट लहान. अशा रीतीने पुरावा होता आणि नव्हता.

दाजींच्या शेजारी त्यांचे चुलतभाऊ केसरीनाथ राहतात. त्यांनी या गोष्टीवर कधीही विश्वास ठेवला नाही.

"ट्रामला स्टेरिंग नसतो," ते त्या रविवारीही ओटीवर येऊन म्हणाले. "ती रुळावरून आपोआप वळते. मंग तू चालवलीस म्हंजे केलास काय?"

"हँडल धरला."

"हँडल तर मी पन एसटीत धरतो."

केसरीनाथ गेल्यावर दाजी माझ्याकडे सरकले. "माज्या पंच्याहत्तरीला ह्याला दाखवायची हाय. त्याला दोनदा झटका आला. हा जिता हाय तवर त्याला मानायला लावायचाय. मेल्यावर मानला काय, न मानला काय."

राहीबाई दारात बसून कोलंबीची टरफले गोळा करत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या सहसा बोलत नाहीत, म्हणून मला त्यात काही विशेष वाटले नाही.

मी होकार दिला. मी मराठीचा एम.ए. आहे आणि भिवंडीत एका गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर देखरेख करतो. सासुरवाडीला माझ्या शिक्षणाविषयी आदर आहे आणि उपयोगाविषयी शंका. परतीच्या वाटेवर पूर्वी, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "तुम्हाला जमेल." वाक्य विश्वासाचे होते, स्वर प्रश्नाचा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर गोदामांची निळी छपरे एकामागून एक जात होती, आणि क्षितिज कोणीतरी भाड्याने दिल्यासारखे दिसत होते.

आमच्या इमारतीत वाल्मीककाका राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सोसायटीचे सचिव आहेत. प्रश्न ऐकून घेण्यात ते वेळ दवडत नाहीत. थेट उत्तर देतात. डबा पाहताच ते म्हणाले, "ओल आहे. गच्चीवर उन्हात ठेवा."

मी डबा घेऊन जिन्याकडे निघालो.

"असे नाही. अर्ज करावा लागेल."

"कोणाकडे?"

"सचिवांकडे."

"सचिव तुम्हीच आहात, काका."

"म्हणूनच सांगतो. ओळखीत काम झाले असे कोणी म्हणायला नको."

मी अर्ज लिहिला. भाषेच्या दृष्टीने तो निर्दोष होता; त्यात 'कालौघात आर्द्र झालेल्या स्मृतिफिती' असा एक शब्दप्रयोगही साधला होता. दुसऱ्या दिवशी तो नामंजूर होऊन आला. ठरावाप्रमाणे गच्चीवर फक्त पापड, कुरडया, मिरच्या आणि तत्सम खाद्यपदार्थ वाळत घालता येतात; फिती तत्सम नाहीत. काकांना माझ्याविषयी खरीच सहानुभूती वाटली असावी, कारण त्यांनी लगेच दुसरा उपाय सांगितला. "तांदळात पुरा. माझा मोबाईल पाण्यात पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला, खडखडीत झाला."

आमच्याकडे दिघाशीहून वर्षाचा तांदूळ येतो. मी त्या मोठ्या डब्यात हात घालून एकेक कॅसेट खोल पुरली. पुरताना मन कातर झाले. आपण बी पेरतो आहोत की दफन करतो आहोत, हे त्या क्षणी ठरवता येईना.

वर्षाच्या तांदळाला कीड लागू नये म्हणून सासूबाई तो पाठवताना बोरिक पावडर चोळून पाठवतात. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मी घरातला आहे की नाही, हा प्रश्न मला वरचेवर पडतो. त्या वेळी उत्तर मिळाले. दोन दिवसांनी कॅसेटी बाहेर काढल्या तेव्हा ओल खरोखर गेली होती, परंतु प्रत्येक कॅसेट खसखस लावलेल्या अनरशासारखी पांढरी दिसत होती आणि एकीच्या खिडकीतून तांदळातले दोन टोके किडे माझ्याकडे शांतपणे पाहत होते. त्या पावडरला ते काय समजतात, हे तेच जाणोत.

"तांदळात?" पूर्वीने विचारले.

"काकांनी सांगितले."

"काकांना बोरिक कुठे माहीत? ते तांदूळ दुकानातून आणतात."

मी सर्व कॅसेटी रुमालात बांधून वाडा रोडवरच्या दीपेशच्या स्टुडिओत नेल्या.

दीपेश लग्नांचे आणि हळदींचे शूटिंग करतो. आमच्या बाजूला हळदीला लग्नाइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, गर्दी असते. त्यामुळे दीपेश फार व्यग्र आणि फार आत्मविश्वासी मनुष्य आहे. त्याच्या वडिलांच्या काळातले छोट्या कॅसेटीचे यंत्र अजून त्याच्या कपाटात होते. त्याने कॅसेटी झटकल्या, शिंकला आणि म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. पंच्याहत्तरी आहे ना? एकदम भारी करून देतो."

'भारी' या शब्दापाशी मी थांबायला हवे होते.

आठवड्याने त्याने पेनड्राइव्ह दिला. आम्ही तो टीव्हीला लावला. आधी गणपती आला. मग आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या, त्यातून दोन हृदये तरंगत आली; एकात दाजी आणि दुसऱ्यात राहीबाई. हृदये एकमेकांवर आपटून फुटली, आणि त्या स्फोटातून कलकत्त्याची एक पिवळसर, दमलेली ट्राम हळूहळू बाहेर आली. बेंजोवर हळदीचे गाणे लागले होते. ट्राम वळणावर आली की चित्र सहा वेळा तसेच वळे. नवरी मान वळवते तेव्हा करतात तसे. शेवटी सगळ्या ट्रामांवर अक्षता पडल्या.

पूर्वी हसता हसता सोफ्यावरून खाली घसरली. मी नाही हसलो. एका शहराचा संथ, लोखंडी विषाद माझ्या डोळ्यांदेखत वऱ्हाडात नाचवला जात होता.

मी पुन्हा स्टुडिओत गेलो. "दीपेश, यात आवाज नाही."

"आवाज खराब होता, सर. नुसती खडखड. काढून टाकला."

"ती खडखड म्हणजेच ट्राम."

"मग आता गाण्यावर चालते ना."

"आणि दाजी ट्राम चालवतात तो भाग?"

दीपेशने डोके खाजवले. "तसे काही नव्हते. अर्धे शूटिंग वेस्ट होते, सर. कोणाची चप्पल, कोणाची पिशवी, नुसती फरशी. कॅमेरा बंद केला समजून चालू ठेवलाय, आणि चालू केला समजून बंद. पपांच्या वेळी नवीन पोरे असेच करायची. ते सगळे कापले."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकच बटण, दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. एकदा चुकले की पुढचे सारे उलटे. दाजींना जे टिपायचे होते ते सुटले होते, आणि जे सुटू द्यायचे होते ते टिपले गेले होते. बहुतेकांचे आयुष्य असेच नोंदले जात असावे. परंतु तो विचार मी तिथे मांडला नाही, कारण दीपेशला हळदीला जायचे होते. ट्राम कुठे असेलच तर ती त्या कापलेल्या फरशीत होती, आणि पंच्याहत्तरी तोंडावर आली होती. "मशीन घेऊन जा, सर," तो म्हणाला. "मूळ कॅसेटी साफ आहेत. लॅपटॉपला ही वायर लावा, कॅसेट चालू करा, तेवढा वेळ नुसते बसून राहा."

नुसते बसून राहणे मला जमते. पण आमच्या इमारतीच्या मागे इद्रीस मुकादमांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. माग सुरू असले की आमच्या कपाटातले पेले एकमेकांशी बोलतात. त्याची सवय झाली आहे; ते थांबले की उलट आम्हाला जाग येते. कॅसेटच्या यंत्राला मात्र ही सवय नव्हती. चित्र थरथरे, आणि बंद पडलेले माग एकदम सुरू झाले की विजेचा दाब असा उतरे की लॅपटॉप नोंद अर्धवट टाकून देई. मी मुकादमांकडे गेलो आणि दाजींच्या ट्रामची सारी हकीकत सांगितली.

"जुम्मे को करो ना, भाईजान," ते म्हणाले. "जुम्मे को सब लूम बंद. पूरा मोहल्ला खामोश."

उपाय इतका सोपा होता की मला तो सुचला नव्हता. शुक्रवारी रजा टाकली, यंत्र मांडले, कॅसेट घातली, आणि वीज गेली.

वीज कार्यालयाच्या खिडकीत एक शांत स्वभावाचे गृहस्थ होते. "शुक्रवारी देखभालीसाठी बंद ठेवतो," ते म्हणाले. "माग बंद असतात, कोणाची तक्रार येत नाही."

"मी तक्रार करतो आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिले. "कारखाना आहे?"

"नाही. ट्राम आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. वीज साधारण एकच्या सुमारास येते, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या आवाजात जी माया होती ती लोक आजारी माणसासाठी राखून ठेवतात.

वीज खरोखरच त्या वेळी आली. माणसे नमाजाला गेलेली. माग नाहीत, ठेल्यांची ओरड नाही. नेहमी कुठेतरी जायच्या घाईत असलेले हे गाव जणू उंबऱ्यावर क्षणभर बसले होते. मी कॅसेट चालू केली. पडद्यावर लाकडी पट्ट्यांची फरशी दिसू लागली, तिच्यावर एक काळी चप्पल, आणि खोलीत आवाज आला. खड्, खड्, खड्-खड्. मध्येच लोखंडावर लोखंड घासल्याची एक लांब कुरकुर. मी आवाज वाढवला. फरशी, चप्पल, पिशवीचा बंद, पुन्हा फरशी. मी बसून राहिलो.

जिन्यावर पावले वाजली. दारात इद्रीस मुकादम, डोक्यावर टोपी, नमाजाहून थेट आलेले. "जुम्मे को किसने लूम चालू किया? आवाज नीचे तक आ रही है."

मी पडद्याकडे बोट दाखवले. ते क्षणभर उभे राहिले, मग चपला काढून आत येऊन बसले. "ट्राम है," ते म्हणाले. "लेकिन बिना तेल की लूम भी ऐसे ही बोलती है. तेल माँग रही है."

आम्ही तिघे, म्हणजे ते, मी आणि पूर्वी, ती फरशी पाहत राहिलो. तेवढ्यात कॅसेटमधून चालकाचा आवाज आला. "आस्ते, भाभीजी. आस्ते. घंटी पैर से."

घंटी वाजली. एकदा दबकत, मग दोनदा मोठ्याने.

"ये तो भाभीजी बोल रहा है," मुकादम म्हणाले. "चाचा कहाँ चला रहे हैं?"

पूर्वीने माझ्या दंडावर हात ठेवला. पुढे कॅसेटमध्ये एक बाई हसून काही बोलली, आणि तो पूर्वीच्या आईचा आवाज आम्ही दोघांनीही एकाच वेळी ओळखला.

मुकादम गेल्यावर मी यंत्र बंद केले. दाजी खोटे बोलत होते, असे मला वाटले नाही. खोटे बोलणारा माणूस स्वतःहून पुराव्याचा डबा काढून देत नाही. तीसेक वर्षे एकच गोष्ट सांगत गेल्याने दाजी हळूहळू गोष्टीत सरकत सरकत हँडलपाशी पोचले असावेत. आणि आता भर पंच्याहत्तरीत, केसरीनाथांसमोर, त्यांना तिथून उतरवण्याचे काम जावयाच्या हातून व्हायचे होते.

पूर्वीने आईला फोन लावला. "आई, ती ट्राम कोणी चालवली होती?"

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. "तुमी जेवलाव का?" राहीबाईंनी विचारले.

आम्ही दोन फाइली घेऊन दिघाशीला गेलो. एक दीपेशची, एक फरशीची. कोणती लावायची हे ठरले नव्हते. पूर्वी म्हणत होती, "ती आईची गाडी आहे," आणि मी म्हणत होतो, "वाढदिवस दाजींचा आहे." संध्याकाळी ओटी माणसांनी भरली. दाजींना ओवाळले. नवा सदरा घालून ते टीव्हीपुढच्या खुर्चीत बसले, आणि शेजारच्या खुर्चीत त्यांनी मुद्दाम केसरीनाथांना बसवले.

मी आधी दीपेशची फाइल लावली. ती फार आवडली. पाकळ्यांना टाळ्या पडल्या, गाण्यावर दोघी-तिघी बसल्या जागी डोलल्या. ट्राम सहा वेळा वळली तेव्हा तर मागून कोणीतरी 'पुन्यांदा' म्हणाले. अक्षता पडल्या, पडदा काळा झाला.

केसरीनाथांनी मान हलवली. "ट्राम दिसली. सुंदर ट्राम. चालवनारा कुठं हाय?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत इतका पूर्ण भरवसा होता की मला पेनड्राइव्ह काढून खिशात टाकावासा वाटला. "चित्र गेलेला भाग आहे जरा," मी पुटपुटलो. "नीट दिसत नाही. फरशीच आहे."

"हाय ना तो भाग?" दाजी म्हणाले.

मी रिमोट चाचपू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून राहीबाई म्हणाल्या, "लावा, जावयबापू. दुसरी पन लावा." आणि पदराला हात पुसत येऊन त्या प्रथमच टीव्हीसमोर बसल्या.

मी लावली. फरशी आली, काळी चप्पल आली. खडखड सुरू झाली तशी ओटीवरची कुजबुज थांबली.

"आस्ते, भाभीजी. आस्ते. घंटी पैर से."

घंटी. आणि राहीबाईंचा तीसेक वर्षांपूर्वीचा, उंच, हसरा आवाज: "आवो, ही पळते बगा. कशी पळते."

मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, घाबराघुबरा, दाजींचा आवाज: "उतर. राहे, उतर खाली. लोकं बगतात. गाडी आपटंल."

"तुमी गप ऱ्हावा. मना घंटी ऐकू दे."

खड्, खड्, खड्-खड्. "उतर." खड्-खड्. "राहे, पाया पडतो, उतर." मग घंटी, पुष्कळ घंटी, आणि लोखंडाची ती लांब कुरकुर; ट्राम थांबली असावी. चालक म्हणाला, "बढ़िया, भाभीजी." पडद्यावर फरशी होती.

मी बंद केले. केसरीनाथ खुर्चीत पुढे सरकून बसले होते. जन्मभर वाट पाहिलेला विजय त्यांच्या मांडीवर येऊन पडला होता, आणि त्याचे काय करावे हे त्यांना कळत नव्हते. शेवटी ते वळले, पण दाजींकडे नाही.

"वयनी, खरा? तुमी?"

"मीच."

"मी इतकी वर्सं इचारतो हाय."

"ह्यांना इचारत व्हतास," राहीबाई म्हणाल्या. "मना कवा इचारलास?"

दाजी पडद्याकडे पाहत होते. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचेच प्रतिबिंब दिसत असणार; नवा सदरा, कपाळावर कुंकू. मी मनातल्या मनात दोन-तीन सांत्वनपर वाक्ये जुळवली. सर्व सुंदर होती आणि एकही उपयोगाचे नव्हते.

"परत लावा," दाजी म्हणाले.

मी परत लावली. या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते. 'पाया पडतो' आल्यावर ओटीवर कोणीतरी फिसकन हसले, आणि दाजींच्या ओठांचा कोपराही हलला. 'कशी पळते' आल्यावर त्यांनी डोळे उघडून राहीबाईंकडे पाहिले, नीट, अनोळखी बाईकडे पाहावे तसे. राहीबाई पडद्याकडे पाहत होत्या. त्यांचा उजवा पाय लुगड्याच्या काठाखाली जमिनीवर हलकेच आपटत होता.

"परत," दाजी म्हणाले.

तिसऱ्यांदा ती सुरू झाली तेव्हा ते उठले, ओटीच्या कडेला गेले आणि रस्त्याने वज्रेश्वरीकडून येणाऱ्या कोणाला तरी त्यांनी हाक मारली. "अनंता, ये, ये. आमच्या हिनं कलकत्त्याला ट्राम चालवली, ऐकून जा."

अनंता ओटीखाली येऊन थांबला. "काकीनं? आनि तुमी काय करत व्हतेव?"

दाजींनी सदरा खाली ओढला. "मी बाजूला उभा व्हतो," ते म्हणाले. "म्हनून तर आपटली न्हाय."